मथुराबाईचं विरजण

मथुराबाई गवारीला गेल्या सहा वर्षांत कुणी एक कांदाभजं खाऊ दिलं नव्हतं. पुण्याबाहेर टेकडीच्या पायथ्याशी तिला बंगला होता, पुढे बाग होती, दिमतीला स्वयंपाकीण होती, आणि तिच्या पोटात काय जावं हे ठरवायला डॉक्टरांची एक अख्खी समिती होती. समिती भलतीच मन लावून काम करायची. नाचणीची भाकरी किती, हुलग्याचं माडगं किती, लसणीच्या पाकळ्या किती, सगळं तोलूनमापून. एकदा तिनं फोडणीचा शिळा भात मागितला, तर त्यावर बैठक बसली. परवानगी आली तोवर त्या भाताला बुरशी आली होती.

हसण्यासारखं एवढंच. शिंक आलेला माणूस फाटकाच्या आत येत नसे आणि मथुराबाई फाटकाच्या बाहेर जात नसे. औषधाची गोळी तिला वर्ज्य होती. मागच्या वर्षी दाढ किडून तिचा गाल टम्म सुजला, तेव्हा दाढ उपटली, पण पू मारायची गोळी काही कुणी दिली नाही. पंधरवडाभर ती मिठाच्या पाण्याच्या चुळा भरत रडली. त्या पंधरवड्यात जो तो तिच्या पोटाची चौकशी करत होता. गालाची कुणी केली नाही.

कारण सगळा मामला पोटाचाच होता. बाळ आईच्या उदरात असतं तोवर त्याची आतडी जवळजवळ कोरी असतात. जन्मताना आणि पहिल्या काही दिवसांत आईकडून, घरातल्या माणसांकडून, हातातोंडावाटे त्यांत जिवाणू येऊन राहतात. ते नुसते राहत नाहीत. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तेव्हा अजून शिकाऊ असतात. आपलं कोण, परकं कोण, कुणावर धावून जायचं आणि कुणाकडे कानाडोळा करायचा, हे त्या ह्या जिवाणूंच्या संगतीत शिकतात. ही शाळा फार थोडे दिवस उघडी असते. आणि निसर्गाची सोय अशी, की आईच्या दुधात काही साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळासाठी नसतातच, ह्या जिवाणूंसाठी असतात. आई दोघांना एकदमच पाजत असते.

पण दोन-तीन पिढ्या औषधांच्या माऱ्यात गेल्या आणि जिवाणूंची ती जुनी वस्ती आयांच्याच पोटातून उठून गेली. मग आतडेताप आला. तान्ह्या बाळाच्या रक्षक पेशी त्याच्याच आतड्यांवर तुटून पडत. शिकवायलाच कुणी उरलं नव्हतं, तर त्या बिचाऱ्या तरी काय करणार? ताप ऐन भरात होता त्या वर्षी लोक बारशाची तारीख धरेनासे झाले. पाळणा दुकानातून आणलेला असे, पण तो कुणी टांगत नसे.

जुनी वस्ती शोधत बालकवच संस्थेची माणसं गावोगाव हिंडली. हजारो बायकांचे नमुने तपासल्यावर ती सगळीच्या सगळी सापडली ती जुन्नरच्या डोंगरातल्या ह्या विधवा बाईच्या पोटात. तिच्याच का, ते कुणाला नीट सांगता आलं नाही. तिचं स्वतःचं म्हणणं असं, की आरोग्य केंद्रातून मिळालेली प्रत्येक गोळी तिनं मिरचीच्या रोपाखाली पुरली होती.

"हे विरजण आहे असं समजा, मथुराबाई," संस्थेच्या प्रमुख डॉ. शरयू टिपणीस पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. "बाळाचं पोट म्हणजे दूध. चांगलं विरजण पडलं तर दही लागतं, नाहीतर नासतं."

"मग न्या की चमचाभर. विरजणाला कोण न्हाई म्हणतं?"

चमचाभर नेऊन भागलं नाही. त्या वस्तीतले नाना जातींचे जिवाणू एकमेकांच्या आधारानं जगत. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. प्रयोगशाळेच्या टाकीत आयतं खायला मिळालं की ते आळसावत, एकेक जात गळून जाई आणि उरलेल्यांचा काही उपयोग राहत नसे. मथुराबाईच्या नमुन्यापासून केलेले थेंब ताजे ताजे पाजले, तर पुष्कळशी बाळं तापातून वाचत. पण वाचलेल्या बाळाच्या पोटात ती वस्ती कायमची वसत नसे. ह्या विरजणाचं दही लागे, त्या दह्याचं पुन्हा विरजण होत नसे. दर वेळी यायचं ते मथुराबाईकडेच.

थेंब फार वेळ टिकत नसत, म्हणून आया बाळं घेऊन संस्थेच्या फाटकाशीच येत; बंगलाही त्याच आवारात होता. सकाळी तिथं लांबच लांब रांग लागे. ती रांग पाहूनच तिनं बंगल्यात राहायच्या करारावर सही केली होती. 'आजन्म' हा शब्द कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला होता, नाही असं नाही. पण तेव्हा मथुराबाईचं लक्ष रांगेतल्या एका किरकिऱ्या बाळाकडे होतं.

तिची एकुलती एक लेक अक्षदा नाशिकला शाळेत शिकवत होती. तिचा जन्म तालुक्याच्या दवाखान्यात पोट फाडून झालेला, त्यानंतर आठवडाभर तान्हीला सलाइन आणि इंजेक्शनं. आईच्या वस्तीतलं तिच्याकडे काही आलं नव्हतं. आणि आता तिलाच दिवस गेले होते.

"सातवा लागला ना? मग ये की आता," मथुराबाई फोनवर म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरचं."

"कुठल्या माहेरी येऊ, आई?" अक्षदा म्हणाली. "मागच्या खेपेला मला फाटकात हात धुवायला लावले, तोंड बांधायला लावलं आणि काचेच्या पल्याड बसवलं. त्याला माहेर म्हणायचं का?"

"अगं, नेम आसतेत त्यांचे."

"लोकांच्या पोरांना तू पुरलीस. माझ्या वाट्याला काच आली." आणि फोन बंद झाला.

मथुराबाईला फार लागलं ते. लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं डॉ. टिपणीसांना गाठलं. त्यांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. बाळंतीण म्हणजे जखमा, औषधं, बाहेरचे जंतू. तिला ह्या बंगल्यात घेणं म्हणजे सगळ्या रांगेचा जीव धोक्यात घालणं. शक्यच नाही.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईनं भाकरी परत पाठवली. माडगंही परत गेलं. संध्याकाळी समिती धावत आली.

"तुम्हाला कल्पना नाही हे काय आहे," डॉ. टिपणीस काकुळतीला आल्या. "त्यांना खायला मिळालं नाही तर ते जिवाणू तुमच्या आतड्याचं अस्तर खायला लागतील."

"खाऊ द्या. घरचेच हाईत."

समितीत प्राध्यापक होते, परदेशी शिकून आलेले होते, पण उपाशी बाईपुढे काय करायचं हे कुणाला शिकवलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. आपल्याही हातात काही आहे हे मथुराबाईला सहा वर्षांत पहिल्यांदाच कळलं आणि ती गालातल्या गालात हसली. हसली त्याचा पुढे तिला पश्चात्ताप व्हायचा होता.

अक्षदा आली ती दहा चाचण्या होऊन, तिचे कपडे तीनदा उकळून. मथुराबाईला बाळापासून काय लागेल ह्याचा समितीनं बारकाईनं विचार केला होता. बाळाला मथुराबाईकडून काय लागेल ह्याचा विचार कुणी केला नाही. औषध म्हणजे थेंब आणि थेंब म्हणजे प्रयोगशाळा, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बाकी काही असू शकतं हे ध्यानातच आलं नाही.

मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर जावळाची, आणि आवाज असा की बागेतले पक्षी उडावेत. तिला चिमी म्हणू लागले. तिला न्हाऊ घालायला मथुराबाईनं नर्सला हात लावू दिला नाही. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेलाचा हात फिरवायचा, बेताचं कढत पाणी सोडायचं. मग ओव्याची धुरी, मग गुटी. सहाण अक्षदानं सामानात लपवून आणली होती. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, एकेक वेढा उगाळायचा, लेकीच्या दुधात कालवायचं आणि बोटानं नातीला चाटवायचं. चिमी ते बोट अशी चोखायची की सुटता सुटत नसे.

त्या दिवसांत अक्षदा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. काच कुठे गेली ते दोघींनाही आठवत नव्हतं.

मग एका दुपारी डॉ. टिपणीस जवळजवळ पळतच आल्या. त्यांना असं पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मथुराबाई, बसा आधी." त्या स्वतःच धपकन बसल्या. "चिमीच्या पोटात तुमची सगळी वस्ती आहे. एकूण एक जात! थेंबांनी हे कधीच झालं नव्हतं. आम्हाला वाटायचं, जन्माच्या वेळी आईकडून आली तरच ती टिकते. पण ती शाळा उघडी असताना, रोज, आईच्या दुधाबरोबर, जिवंत माणसाच्या हातून... तुम्ही केलंत काय?"

"गुटी दिली. दुसरं काय करणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आता खरं सांगते. वयामुळे तुमची वस्ती विरळ होत चाललीय. वर्ष-दोन वर्षांत थेंब बंद पडले असते. कुणाला सांगायची माझी छाती होत नव्हती. आता ती भीती गेली. तुम्ही सुटलात, मथुराबाई. घरी जा, काय हवं ते खा."

"भजी?"

"भजी, मिसळ, काय वाटेल ते."

मथुराबाईला आपलं दार दिसलं, सकाळी धुकं चढतं तो उतार दिसला, आपल्या हातानं चूल पेटवायची, बाजाराला जायचं, कुणाच्याही पंगतीला बसायचं. ती रडायला लागली, मध्येच हसली, पदरानं नाक पुसलं. आणि पुसता पुसता थांबली.

"मग हितं कोण ऱ्हाणार?"

डॉ. टिपणीसांची नजर चिमीच्या पाळण्याकडे गेली.

"बाई, मी इचारतेय."

"अक्षदाही राहू शकते ना तिच्याबरोबर," त्या खाली बघत म्हणाल्या. "शाळा इथेच आणू. शिक्षक आणू. तिला काहीही कमी पडू देणार नाही. मुळाची, म्हणजे जिच्या पोटात ही वस्ती आहे तिची, राखण करायला कायदाच आहे, मथुराबाई. माझ्या हातात ते नाही."

"किती वर्सं?"

"तुमच्या करारात होता तोच शब्द," डॉक्टरीणबाई बागेकडे बघत म्हणाल्या.

अक्षदाला ते कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे हिनं पेरू खायचा तर बैठक बसणार," ती म्हणाली. "ताप आला तर गोळी न्हाई. कुणाच्या लग्नाला न्हाई. शाळेत डबा वाटून खायचा न्हाई. हिनं अजून धड डोळे उघडले न्हाईत, आई, आन् हिची सहीसुदिक झाली."

"मला ठावं नव्हतं गं."

"तुझ्याच बोटानं केलंस."

उपास मथुराबाईनंच धरला होता. माहेरपणाचा हट्ट तिचा होता. नातीला बेडी घालणारे हात तिचेच होते, आणि ते हात कापून टाकावेत असं तिला वाटलं.

"नाशिकला डॉक्टर हाय माझ्या वळखीचा," अक्षदा हळूच म्हणाली. "एक बाटली पाजली की पोट धुऊन निघतं. काही शिल्लक राहत न्हाई. मग कशाला ठेवतील हिला?"

"आन् मग ताप आला तर? पोट रिकामं झाल्यावर?"

अक्षदानं चिमीला उचलून छातीशी धरलं. "म्हणजे डांबून जगवायची, न्हाईतर सोडून मारायची. दोनच. तिसरं काही न्हाईच का गं?"

मथुराबाई बाहेर पडवीत जाऊन बसली. आपण एकट्याच आहोत, ह्याचा सहा वर्षांत तिला थोडा अभिमानही वाटत आला होता. खोटं कशाला बोला. आता तोच शब्द तिला टोचायला लागला. वाडीत दही प्रत्येक घरी असायचं. एकीचं विरजण बिघडलं तर ती वाटी घेऊन शेजारी जायची. कधी कुणी दह्याच्या गाडग्याला कुलूप लावलं होतं? कशासाठी लावील? चोरून नेलं तरी शेजारी होतंच. राखण होती ती एकच असल्यामुळे. एकच होती म्हणून मथुराबाई, आणि आता एकच होती म्हणून चिमी.

ती उठून डॉ. टिपणीसांच्या खोलीत गेली.

"रांगेतल्या बाळांनाबी मी असंच बोट दिलं तर?"

तो विचार डॉक्टरीणबाईंच्याही डोक्यात येऊन गेला होता. "लागू पडेल. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना पडेल असं मला वाटतं. पण मी परवानगी देऊ शकत नाही. कच्चं, न तपासलेलं काही तान्ह्या बाळाला द्यायचं नाही, आणि तो नियम उगाच नाही केलेला. तुमच्या हातावाटे एखाद्याला भलतंच काही लागलं तर? एक बाळ गेलं तरी मी त्या आईला काय सांगू?"

"खरं हाय. पर मी परवानगी कुठं मागतेय? उद्या मला सोडताय ना?"

"सोडतोय."

"मग सकाळच्यालाच सोडा. आन् फुडच्या फाटकातनं."

डॉ. टिपणीसांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची नोकरी, त्यांची संस्था, त्यांनी वाचवलेली आणि न वाचवता आलेली बाळं, सगळं त्या बघण्यात होतं. मग त्यांनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले.

"निघण्याआधी हात कोपरापर्यंत स्वच्छ धुवा," त्या म्हणाल्या. "नखं कापा. पाणी उकळलेलंच घ्या. आणि प्रत्येकीला तिचंच दूध."

सकाळी फाटक उघडलं. मथुराबाईच्या हातात एक बोचकं होतं. मागे फाटकाच्या गजांपलीकडे अक्षदा चिमीला घेऊन उभी होती; चिमीला बाहेर आणायला मनाई होती. मथुराबाई दहा पावलं चालली, रांगेजवळ आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. लुगडं गुडघ्यांपर्यंत सारलं, पाय लांब केले आणि सहाण मांडीशेजारी ठेवली.

तिचा फोटो थेंबांच्या प्रत्येक जाहिरातीवर होता, त्यामुळे ओळख सांगावी लागली नाही. कुणी पाया पडायला पुढे आलं. तिनं हातानंच थांबवलं.

"पाया पडू नगा, आधी ऐका. थेंबानं बाळ वाचतं, पर समद्यांचं न्हाई. हे माझं बोट आन् तुमचं दूध. ह्यानं माझ्या नातीच्या पोटात हे कायमचं वसलं. तुमच्याबी बाळाला वसंल बहुतेक, आन् मग त्याच्या हातनं फुडच्याला देता यील. पर माझ्या हाताला दुसरं काय आसंल, ते डॉक्टरीणबाईंनाबी ठावं न्हाई. खोटं सांगणार न्हाई मी. थेंब घ्यायचं आसलं तर थेंब हाईतच."

रांगेत कुजबूज झाली. फाटकावरचा पहारेकरी फोनवर कुणाशी तरी बोलत लगबगीनं येऊ लागला.

पहिल्या नंबरला चाकणकडची एक पोरगी होती. वीस-बावीसची असेल. डोक्याला रुमाल, डोळे जागरणानं लाल. तिचं पहिलं मूल तापात गेलं होतं, हे तिनं न विचारताच सांगितलं. हातात दुसरं होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. ती एक पाऊल पुढे आली आणि तिथंच थांबली. तिनं गजांपलीकडच्या अक्षदाकडे पाहिलं, चिमीकडे पाहिलं. बातमी तिलाही लागलेली होती.

"मावशी," ती म्हणाली, "माझ्या लेकराच्या पोटात हे वसलं, तर त्यालाबी हितं डांबून ठेवतील?"

मथुराबाईला 'नाही' म्हणता आलं असतं. एक बाळ पायांवर आलं असतं, मग दुसरं आलं असतं. पण सहीच्या वेळी शब्द नीट न ऐकता काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"एकट्याला वसलं तर ठेवतील," ती म्हणाली. "माझ्या नातीला ठेवलंय तसं ठेवतील. समद्यांना वसलं तर कुणाकुणाला ठेवतील? म्हणून एकटी देऊ नगंस, बाय. मागच्यांना इचार आधी."

पहारेकरी जवळ येऊन पोचला होता. 'ओ बाई, उठा इथनं, वरून निरोप आलाय,' असं तो म्हणत होता. अक्षदानं एका हातानं गज धरला होता, दुसऱ्या हातानं चिमीला खांद्याशी घट्ट धरलं होतं आणि चिमी आता रडत होती. मथुराबाई उठली नाही. तिनं सहाणेवर पाण्याचा थेंब टाकला आणि हळकुंड उगाळायला घेतलं.

मग त्या पोरीनं बाळ छातीशी घट्ट धरलं, मागे वळली आणि टाचा उंचावून रांगेच्या पार शेवटापर्यंत ऐकू जाईल अशी हाक दिली.

"ओ ताई! ओ वहिनी! तुम्ही, तिकडं झाडाखाली बसलेल्या! एकेक करून नका येऊ. समद्या एकदम या!"

मागून एक बाई बाळ सावरत पुढे निघाली, तिच्यामागून आणखी दोघी निघाल्या आणि रांग मोडली.